मोकळेपणाने लिहा

आमच्या शाळेत मानसशास्त्र हा विषय यंदाच सुरू झाला आणि तो शिकवायला मी. मुख्याध्यापकांच्या मते हा गप्पांचा तास. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बोलावून सांगितलं, "बाई, वर्गाचे नियम आणि अपेक्षा लेखी द्या. शनिवारपर्यंत सगळ्या पालकांच्या सह्या हव्यात. एक जरी कमी पडली तरी त्या तासाला गणिताचा जादा वर्ग. पूर्णविराम."

बोलणं संपलं की ते असा तोंडानेच पूर्णविराम देतात. मुलांनी त्यांचं नावच पूर्णविराम ठेवलंय, आणि त्याबद्दल मी आजवर कुणालाही रागावलेली नाही.

मला मात्र त्यांचा राग आला. गप्पांचा तास म्हणे! त्या रागातच मी घरी जाऊन नियम टाईप करायला बसले. पहिला नियम: घरच्या कुणालाही कुठलाही मानसिक आजार असल्याचं जाहीर करायचं नाही. (हा आधी घालावा लागला, कारण एका पठ्ठ्याने पुस्तकाचं पहिलं पान वाचूनच आपल्या काकाचं निदान करून टाकलं होतं.) दुसरा: उशीर झाला तर गुपचूप येऊन बसायचं, उशिराचं कारण ऐकायला कुणाला वेळ नाही. तिसरा: मुलं या वर्गात जे लिहितील ते माझ्याशिवाय कुणीही वाचणार नाही, पालक नाहीत, मुख्याध्यापकसुद्धा नाहीत. 'सुद्धा' लिहिताना मला फार बरं वाटलं.

शेवटी अपेक्षांचा रकाना. मुलांचा कागद वेगळा, तो वर्गातच भरून घ्यायचा. पालकांचा घरी जाणार. दोन्हीकडे खाली एकच सूचना: मोकळेपणाने लिहा.

कागद परत यायला लागले तसे मी ते शिक्षकांच्या खोलीत चहा पीत वाचायला घेतले. मला वाटलं होतं, चांगले गुण मिळावेत, मोबाईल कमी व्हावा, असलंच काहीतरी असणार. पहिला कागद एका नर्सचा निघाला. 'रात्रपाळी करून येते तेव्हा मी झोपलेलीच सगळ्यांना बरी वाटते.' दुसरा बस चालवणाऱ्या वडिलांचा. 'दिवसभर मी लोकांकडे पाठ करून बसतो. घरी आलो की मुलगा माझ्याकडे पाठ करून बसतो.' एका शिंप्याने लिहिलं होतं, 'अख्ख्या गल्लीचे कपडे माझ्या हातचे. मुलगी स्वतःचे दुकानातून तयार आणते.' आणि एका आजीबाईंनी, 'जागा कमी पडली, मागे बघा.' मागचं पान गच्च भरलेलं.

चहा गार झाला. लोक असे का रडगाणं गातायत, म्हणून मी रकान्याचं नाव पाहिलं. 'पालकांची उपेक्षा.' घाईत 'अ'च्या जागी 'उ' पडला होता आणि मी बहाद्दरीण तोच शब्द सगळीकडे चिकटवत गेले होते. मुलांच्या कागदावरसुद्धा 'विद्यार्थ्यांची उपेक्षा'! आणि मुलांनीही निमूटपणे भरून दिलं होतं. त्यांना वाटलं असेल, मानसशास्त्र म्हणजे हेच.

बाजूला बसलेल्या गणिताच्या सरांनी वाकून वाचलं आणि ते खो खो हसत सुटले. जादा वर्ग आता आपलाच, असं त्या हसण्यात स्पष्ट ऐकू येत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी एक गोष्ट खरी, सह्या मात्र येत होत्या. इतक्या मनापासून लिहिल्यावर सही न करता कोण राहील? शुक्रवारी फक्त एकच कागद यायचा उरला. तो पहिल्या बाकावरच्या, फार हळू बोलणाऱ्या मुलीचा.

"सरांनी अजून दिला नाही," ती म्हणाली.

"कुठल्या सरांनी?"

"म्हणजे आमच्या घरच्या. म्हणजे बाबांनी. म्हणजे आपल्याच सरांनी, बाई."

ती पूर्णविरामांची मुलगी. झालं, मी मनात म्हटलं, गेला आपला वर्ग.

मधल्या सुट्टीत बोलावणं आलंच. चूक त्यांच्या कानावर गेली होती. मी तोंड पाडून उभी राहिले. पण ते ओरडले नाहीत. खणातून त्यांनी एक भरलेला कागद काढला आणि त्यावर हात ठेवून बसले.

"चूक माझ्याही लक्षात आली नाही," ते म्हणाले. "विचारलं होतं, म्हणून लिहिलं."

हात पुरेसा मोठा नव्हता. मला उलटं वाचता येतं, शिक्षकाला यावंच लागतं. 'मुलगी घरीही सर म्हणते. पाणी देऊ का सर, असं विचारते.'

"शाळेत बाबा म्हणायचं नाही, हा नियम मीच केला होता. ती अगदी लहान होती तेव्हा. तो घरात कधी शिरला, कळलंच नाही." मग घसा साफ करून म्हणाले, "तिने काय लिहिलंय? तिचा कागद दाखवा."

"नाही दाखवता येणार, सर."

"मी मुख्याध्यापक आहे."

"तुमचा उल्लेख आहे, सर. तिसऱ्या नियमात."

"आणि मी सही केली नाही तर?"

"तर गणिताचा जादा वर्ग," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला तो वर्ग जिवापाड हवा होता. चुकीच्या रकान्यातसुद्धा मुलांनी ज्या भरवशाने लिहून दिलं होतं, ते वाचल्यापासून तर जास्तच. पण त्या भरवशावर पाय देऊन तो वर्ग मिळवायचा, हे काही जमेना.

त्यांनी कागदावरचा हात काढला. "मग मी काय करू?" हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात विचारलं की मला एकदम त्यांच्याबद्दल मायाच वाटली.

"तिलाच विचारा. फक्त पूर्णविराम देऊ नका."

तिने काय लिहिलं होतं, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. पालकांचं लिहिलेलं गुप्त ठेवीन असं मी कुठे म्हटलं नव्हतं. मुलांचं म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी टेबलावर त्यांचा कागद होता. खाली सही. वर लाल शाईने 'उ' खोडून 'अ' केलेला. जुना मजकूर काट मारून नव्याने लिहिलं होतं, 'अजून ठरवतो आहोत'. वाक्याच्या शेवटी काहीच नव्हतं.

उड्या मारायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. तशीच वर्गात गेले आणि विचारलं, "नियमांबद्दल कुणाला काही शंका?"

पहिल्या बाकावरून हात वर आला. ती उभी राहिली आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, या विषयाला मोठ्या माणसांना बसता येतं का? बाबा विचारत होते."