उपाशी पोवळी

तिने पंप बंद केला, बाही कोपरापर्यंत सारली आणि खाऊ भरलेली लांब नळी घेऊन हात टाकीत घातला. थंडी नखांत शिरली. ही पोवळी खोल, अंधाऱ्या समुद्रातली. त्यांना ऊन नको. बर्फासारखं पाणी हवं आणि त्यातून वाहत येणारा बारीक खाऊ. टाकीत तो आपणहून कुठून येणार? म्हणून ती दर चार तासांनी एकेका इवल्या तोंडाशी तो सोडत बसायची.

दुसरा हात कानाशी होता. फोनवर लेक होती. बाळंतपणानंतर तिने आज पहिल्यांदाच आईला फोन केला होता. बाळ एकच दिवस जगलं. आजीने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"एवढंच सांग आई. का आली नाहीस?"

"अगं, एक वेळ जरी चुकली तरी मरतात ही. बाबांचा जीव आहे यांच्यात."

"बाबा तर म्हणाले, मी जा जा म्हणतोय, हिचाच पाय निघत नाही."

नळी पाण्यातच थांबली.

तेवढ्यात नवरा मित्राला घेऊन आत आला. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस. पाहुणा आला की आधी टाकी दाखवायची, मग पाणी विचारायचं.

"ठेवू नकोस. थांब जरा," ती पुटपुटली आणि फोन टाकीच्या झाकणावर ठेवला.

"वहिनी, तुम्ही तर यांची आईच झालात की!" मित्र म्हणाला. "कुठे गावाला गेलात तर यांचं कसं व्हायचं?"

"कसलं काय!" नवरा हसला. "पंधरा दिवस आरामात उपाशी राहतात. खोल समुद्रात कोण ताट वाढून ठेवतंय? हिला बोललो नाही, एवढंच. नाहीतर पोरीकडे ठाण मांडून बसली असती, आणि मी इथे चहा करताना हात भाजून घेतले असते."

मित्र हसायला गेला, पण तिच्याकडे पाहून काचेवरचं दव बोटाने पुसू लागला.

तिने हात बाहेर काढला. बोटं लालभडक झाली होती.

"मला नीट कळलं नाही हो," ती म्हणाली. "पुन्हा सांगा ना. सावकाश."

नवऱ्याचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत बायकोने त्याच्या विषयातलं कधी काही विचारलं नव्हतं. खुर्ची ओढून तो वर्गात बोलावं तसं खणखणीत बोलू लागला: थंडीत यांचं सगळंच कसं संथ चालतं, भूकसुद्धा.

"म्हणजे मी गेले असते, तर?"

"तर काय? परत येईपर्यंत मजेत राहिली असती."

"आणि हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

"अगं, विषयच आहे माझा!"

तिने टॉवेलने बोटं एकेक करून पुसली, झाकणावरचा फोन उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"पोरगी आहे," ती म्हणाली. "बोला."