घरी येईल असा डॉक्टर

"सोमवारी आमचे डॉक्टर येतीलच," घरी जाऊन उपचार करणाऱ्या दवाखान्यातली मुलगी फोनवर अतिशय अदबीनं म्हणाली. "पण पहिली भेट होईपर्यंत नेमोतोसान आमचे पेशंट होत नाहीत. मध्ये काही झालं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा."

"ती बोलवायची नाही म्हणून तर तुम्हाला विचारतेय," फुसाए म्हणाली.

"कळतंय मला. माफ करा हं."

फोन ठेवून फुसाए आतल्या खोलीत आली. तिचा नवरा ताइझो खिडकीजवळच्या पलंगावर अर्धवट बसला होता. कपाळावर घाम होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर घशात काहीतरी घरघरत होतं. सकाळी उठला तेव्हा ही घरघर नव्हती. दुखणं वाढलं म्हणून तिनं इस्पितळानं दिलेल्या औषधाची एक पुडी त्याला दिली होती. दुसरी द्यायला हात धजत नव्हता.

"काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"सोमवारी."

"बघू मग. मला तर आज सवड आहे." तो हसायला गेला आणि खोकला.

जन्मभर त्यानं लिफ्टची दुरुस्ती केली. फुप्फुसांचा कॅन्सर हाडांत उतरल्यावर इस्पितळात त्यानं एकच मागणं केलं होतं: आता नळ्या नकोत, घरी ने. तिनं हो म्हटलं होतं. पण त्याला बघणारा डॉक्टर नसताना घरी माणूस गेला की पोलीस येतात, हे या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या इमारतीतल्या सुगानुमाबाईंना नवऱ्याचं प्रेत तसंच ठेवून दुपारभर उत्तरं द्यावी लागली होती. 'शेवटचं कधी बोललात? भांडण वगैरे?'

शनिवार होता, दवाखाने दुपारी बारालाच बंद होणार होते. फुसाएनं शेजारच्या हामादासानना ताइझोपाशी बसवलं आणि सायकल काढली.

उतारावरच्या पहिल्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. काउंटरवरची बाई तिला ओळखत होती. तिची मुलगी शाळेत फुसाएच्या हातचं जेवली होती.

"डॉक्टर एकटेच आहेत हो, काकू. पेशंटच्या घरी जाणं त्यांनी कधीच बंद केलं."

"एकदा विचारून तरी बघा ना."

"उत्तर मला माहितीये. उगाच तुमचा वेळ जाईल."

फुसाए वाकून नमस्कार करून बाहेर आली. शाळेच्या स्वयंपाकघरात सारी नोकरी तिनं अशीच काढली होती. कुणी एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायचं नाही. पुढच्या दवाखान्याच्या जागी आता नखं रंगवायचं दुकान होतं. त्याच्यापुढच्या हाडांच्या डॉक्टरांनी खुर्चीवरून न उठताच सांगितलं, "सोमवारपर्यंत कुणी हात लावणार नाही. ते गेले तर जबाबदार कोण?"

स्टेशनजवळ कुसुमी बाईंच्या दवाखान्याची मदतनीस दारावरचा पडदा उतरवत होती. हा दवाखाना कान-नाक-घशाचा. वसंतात नाक गळायला लागलं की फुसाए इथेच यायची.

"बंद झालंय," मदतनीस म्हणाली.

"मला डॉक्टरांना भेटायचंय."

"सोमवारी या ना."

"सोमवार चालणार नाही," फुसाए म्हणाली आणि तिला ओलांडून आत गेली. असं ती जन्मात पहिल्यांदाच वागली असेल.

कुसुमी डॉक्टर हात धूत होत्या. साठीच्या, ठेंगण्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नेमोतोसान, मी नाकं बघते. विद्यार्थी असताना एक-दोन मृत्यू पाहिले असतील, तेवढेच. तुम्हाला त्यातला माणूस हवा."

"तसा माणूस सोमवारी येणारेय."

"मग अ‍ॅम्ब्युलन्स..."

"नको. चला ना, डॉक्टर."

"माझ्या हातून काही चुकलं तर?"

"चुकू दे. पण या." फुसाएनं टॉवेल त्यांच्यापुढे धरला. "श्वास घेताना घसा वाजतोय हो त्यांचा. नुसता घसा तरी बघा."

डॉक्टरांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. मग कपाटातून कफ ओढायचं छोटं यंत्र काढलं आणि म्हणाल्या, "सायकल इथंच राहू द्या. गाडीत बसा."

गाडीतूनच त्यांनी इस्पितळाला फोन लावला आणि ताइझोच्या तिथल्या डॉक्टरांना गाठलं. "पुडी किती वेळानं परत देता येते? आणि झोपेतच राहिले तर?" विद्यार्थिनीसारख्या त्या प्रत्येक उत्तर पुन्हा म्हणून बघत होत्या.

इमारतीखाली अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती.

वर मुलगी मिनाको दारातच होती. हामादासाननी घाबरून तिला फोन केला होता, आणि तिनं अ‍ॅम्ब्युलन्सला. अ‍ॅम्ब्युलन्सवरचे दोन जवान ताइझोला चादरीसकट उचलायच्या बेतात होते.

"थांबा," फुसाए म्हणाली.

"आई, गुदमरतायत ते! तू कुठे गेली होतीस?"

"डॉक्टर आणायला."

मिनाकोनं कुसुमी बाईंकडे पाहिलं. लहानपणी तिचे कान त्यांनीच साफ केले होते. "या? या तर..."

"हो, मीच ती," डॉक्टर म्हणाल्या आणि जवानांकडे वळल्या. "यांच्यावर माझे उपचार चालू आहेत."

"कधीपासून?" त्यांच्यातल्या थोराड जवानानं विचारलं.

"आत्तापासून."

तो पलंगापाशी वाकला. "नेमोतोसान, इस्पितळात जायचं का?"

ताइझोनं डोळे उघडले. शब्द फुटेना. त्यानं पलंगाची कड घट्ट धरली आणि मान हलवली: नाही.

जवानानं पेशंटला नेलं नाही अशा नोंदीचा कागद सहीसाठी पुढे केला. डॉक्टरांनी त्यावर सही केली.

त्यानंतर त्यांनी बारीक नळी ताइझोच्या घशात सरकवली. फुसाएला नळी बघवेना.

"ही आत राहायची नाही," डॉक्टर त्याच्या कानाशी म्हणाल्या. "लगेच काढते." खोलीत फक्त यंत्राचा आवाज होता. नळी बाहेर आली तेव्हा घरघर थांबली होती. मग दुसरी पुडी दिली. "तासाभरानं दुखलं तर अजून एक. घाबरू नका, मी विचारून आलेय." हळूहळू त्याच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

मिनाको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती. "बाबांना इस्पितळात नेलं असतं तर अजून थोडे दिवस मिळाले असते, आई."

"मिळाले असते."

"तरी?"

"तरी."

मिनाको मात्र घरी गेली नाही. संध्याकाळी तिनं बापाचे पाय चेपले आणि तो तिच्याशी थोडंफार बोललाही. सून रागीट आहे का, असं त्यानं विचारलं. तिला अजून सून आलेलीच नव्हती. तरी मिनाको म्हणाली, "थोडी आहे."

रविवारी सकाळी डॉक्टर येऊन घसा साफ करून गेल्या. दुपारी फुसाएनं त्यांना पुन्हा फोन केला. या वेळी घाई करा असं तिनं म्हटलं नाही.

कुसुमी बाई आल्या त्या घरच्याच कपड्यांत. पलंगाशी गुडघ्यांवर बसल्या. ताइझोच्या डोळ्यांवर उजेड पाडून पाहिला, मनगट धरलं, छातीला स्टेथोस्कोप लावला. खूप वेळ ऐकलं. मग मिनाकोकडे पाहिलं, फुसाएकडे पाहिलं.

"मी आणखी एकदा ऐकते," त्या म्हणाल्या.

फुसाएनं त्यांच्यासाठी पांघरूण थोडं खाली ओढलं.

"ऐका," ती म्हणाली. "सावकाश ऐका."