हरणाला दार नसतं

लव्हॉनने पेन्सिल तिरकी धरली आणि बंदुकीच्या गोळीच्या बुडावर दाबून पुढं रेटली. टोकाखालून शिशाची बारीक साल निघाली.

"बघ. साध्या पेन्सिलीनं कापली जाते. हरणाला अशीच मऊ लागते. आत शिरली की फुलते, जागच्या जागी आडवं करते."

"मला कठीण पाहिजे," डेरिल म्हणाला.

शेडचं दार अडवून तो उभा होता. तिचा एकुलता एक पोरगा, चाळिशीला टेकलेला, बापासारखेच फावड्याएवढे पंजे. गेल्या आठवड्यात त्याची बायको कॅसी फुटलेला ओठ आणि पोरगी घेऊन भावाच्या ट्रेलर-घरात राहायला गेली. तिनं कोर्टाचा हुकूम आणला आणि शेरीफ येऊन डेरिलच्या सगळ्या बंदुका उचलून घेऊन गेला. राहिली ती एकच, आईच्या शेडमधली, मेलेल्या बापाची रायफल. तिच्या मापाची गोळी अख्ख्या आयडाहोत कुठल्या दुकानात मिळत नव्हती. साचा फक्त लव्हॉनकडे होता.

शेगडीवरच्या भांड्यात टायरच्या वजनांचं शिसं वितळून आरशासारखं चकाकत होतं.

"छापखान्याच्या अक्षरांचे खिळे टाक त्यात," तो म्हणाला. "आणि गोळी गरम असतानाच साच्यातून पाण्यात सोड. बाबा सोडायचा तशी."

"एवढी कठीण कशाला?"

"एल्क मारायचाय. घोड्याएवढं जनावर, हाड फोडून गेली पाहिजे."

"मे महिन्यात? शिकारीचा हंगाम कधी उघडला?"

"डोकं खाऊ नकोस, आई. मध्ये दार आलं तरी थांबता कामा नये. बस."

लव्हॉनने पेन्सिल खाली ठेवली.

"हरणाला दार नसतं, डेरिल. एल्कलाही नसतं."

तो हसला. "म्हातारपणी अक्कल फुटली होय गं तुला?"

आणि हसता हसताच त्यानं तिच्या कानाखाली ओढली. तिचं डोकं फळीवर आदळलं, पेन्सिली जमिनीवर विखुरल्या. उठायच्या आत त्यानं तिचं मनगट पिळलं, पळी हातात कोंबली आणि तिला शेगडीपुढं ढकललं.

"ओत. मी साचा धरतो."

लव्हॉनने पळी भांड्यात बुडवली, काठोकाठ भरली. उजव्या हाताला साचा होता, डाव्या हाताला भिंतीशी टेकून रायफल उभी होती, नळीचं तोंड वर. ती डावीकडं वळली आणि शिसं सरळ नळीत ओतलं.

आतलं तेल चरचरून धूर निघाला. गार लोखंडात शिसं जेमतेम वीतभर उतरलं आणि तिथंच थिजलं. काठावरून उडालेल्या थेंबांनी तिच्या हाताची कातडी सोलली. डेरिलने साचा फेकला आणि लाथ घातली. ती गुडघ्यावर आली. दुसरी लाथ बरगडीत बसली. काहीतरी मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं.

तिनं पळी सोडली नव्हती. भांड्याची कड धरून ती उठली, पुन्हा पळी भरली आणि त्याच्या तोंडासमोर धरली.

"ये," ती म्हणाली. "ये ना आता."

तो मागं सरला. तिला वाटलं त्यापेक्षा लवकर सरला.

"बाबाची होती ती," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला होता.

"ठाऊक आहे. तो होता तेव्हाच भरायला हवी होती."

"सळई घालून ठोकून काढीन."

"काढ."

त्यानं रायफल उचलली, दाराला लाथ मारली आणि गेला. ट्रकचा आवाज उतारावर मावळेपर्यंत तिनं पळी खाली ठेवली नाही. मग भिंतीला धरून ती फोनपाशी पोचली.

"कॅसी, डेरिल बंदूक घेऊन निघालाय. नळी मी बुजवलीय, आज काही ती चालायची नाही. उद्याचं मला माहीत नाही. पोरीला घेऊन तिथून नीघ आणि शेरीफला फोन कर."

पलीकडं कॅसीनं पोरीला बूट घालायला सांगितलं.

"लव्हॉन, तुम्हाला मारलं का त्यानं?"

'शेडमध्ये पाय घसरला,' हे वाक्य जिभेवर तयारच होतं, नवऱ्याच्या काळापासून वापरून गुळगुळीत झालेलं. लव्हॉनने तोंडातलं रक्त थुंकलं.

"हो," ती म्हणाली. "शेरीफला तेही सांग."