डोंगराकडची खिडकी

तक्रार केली म्हणजे माणसाला ती जागा सोडून जायचं असतंय, असं कुणी सांगितलं? मी आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गल्लीला रोज शिव्या घातल्या, हे खरं हाय. खाली दातांचा दवाखाना, समोर क्लास. क्लास सुटला की पोरांच्या गाड्यांचे हॉर्न असे बोंबलायचे की चहा ओतताना हात हालायचा. मग मी गॅलरीत जाऊन पोरांच्या नावानं ओरडायची आणि आत येऊन मालकांना म्हणायची, मला कुठंतरी डोंगरात न्हेऊन टाका एकदाचं. लगीन होऊन ह्या घरात आल्यापासनं हेच म्हणतेय. मालकांनी कधी हूं का चूं केलं न्हाय. मला वाटलं, माझं बोलणं भिंतीला चाललंय. म्हणून तर मी बिनधास्त बोलत हुते.

आणि त्या माणसानं सगळं ऐकलं हुतं की हो!

आमचं मालक म्हणजे चन्नाप्पा. जन्मभर भाड्याच्या गाळ्यात भांड्याचं दुकान चालवलं, गुडघे गेलं तवा बंद केलं. एक दिवस पेढ्याचा बॉक्स घेऊन आलं आणि आधी माझ्या तोंडात पेढा घातला. मग सांगितलं. चंदगडच्या बाजूला डोंगरात म्हाताऱ्या माणसांसाठी वसाहत व्हायला लागलीया, निवांत ग्राम म्हणून. आपण प्लॉट घ्यायचा, आपल्या मनासारखं घर बांधायचं. जेवण, डॉक्टर, फिरायचा रस्ता, सगळं त्यांचं. त्यातला डोंगराच्या कडंचा प्लॉट मालकांनी घेतला हुता. घर बांधायला पैसा पायजे म्हणून आमचा राहता फ्लॅट खालच्या दातवाल्या डॉक्टरला द्यायचं ठरवून विसारसुद्धा घेऊन बसलं हुतं. आधी सांगितलं असतं तर गंमत गेली असती, म्हणालं. तेवढ्यात बेंगळूरहून शशिधरचा, आमच्या ल्योकाचा फोन. अव्वा, तुझी इच्छा पुरी झाली बघ. आता तोंडात पेढा असताना मी काय बोलणार?

समोरच्या दारात इमामबी राहते. साड्यांना फॉल लावती, ब्लाउज शिवती. दुपारची दोघी जिन्यात बसतो, ती सुई चालवती आणि मी तोंड. तिला तेवढं मी सांगितलं, मला जायचं न्हाय म्हणून. तिनं हातातला ब्लाउज खाली ठेवला. मग म्हणाली, अख्ख्या गल्लीला ऐकवतीस, नवऱ्याला एवढं सांगायला जीभ झडली व्हय तुझी? बरोबरच बोलली. आज रात्री सांगते, म्हणून मी उठले.

रात्री बघते तर मालक पाटावर कागद पसरून पट्टीनं घर काढत बसलेलं. बिलाशिवाय ज्या हातानं काही लिहिलं न्हाय, तो हात माझ्या पापडांसाठी कट्टा काढत हुता. ऊन कुठनं येतंय ते विचारलं मला. मी बोटानं बाजू दाखवली आणि आत जाऊन पाणी पिले. चिडून बोलायला मला येतंय. प्रेमानं केलेल्या कामाला न्हाय कसं म्हणायचं, ते मला कुणी शिकवलंच न्हवतं.

पण मी हार मानणारी न्हवं. मालकांनीच आपणहून न्हाय म्हणायला पायजे, असं करायचं ठरवलं. चंदगडचा पाऊस काढला. माझी हाडं भिजत्याली तिथं, म्हटलं. तर म्हणालं, तेल लावून पाय चोळायला बाई येती त्यांच्याकडं. इमामबीचं नाव काढलं, ती कशी भेटणार म्हटलं. तर म्हणालं, येऊ दे की, आधी कळवायचं आणि त्यांच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायचं. इमामबी माझ्याकडं यायला अर्ज करणार! मला रडावं का हसावं कळंना.

घराची आखणी करायच्या दिवशी त्यांचीच गाडी न्यायला आली. वाटेत मला एकदम आठवलं आणि मी मनात टाळीच वाजवली. आमच्यात माणूस जाळत न्हाईत, बसवून माती देतात. ज्याचं रान हाय तो आपल्या रानात बसतो. मालकांचं अप्पा वारलं तवा ह्यांच्याकडं वीतभर रान न्हवतं. दुसऱ्याच्या बांधाला जागा मागायला गेलं, तर तो न्हाय म्हणाला. शेवटी समाजाच्या रुद्रभूमीत माती दिली. तवापासनं मालकांचं एकच पालुपद. जन्म भाड्याच्या दुकानात गेला, निदान मेल्यावर तरी स्वतःच्या मातीत बसणार. आता ह्या गुळगुळीत वसाहतीत कुणी माती देऊ देईल व्हय? चारचौघांत विचारायचं, ती माणसं न्हाय म्हणतील आणि मालक तिथनंच गाडी फिरवतील. तिथवर मी खिडकीतनं बघत गाणं गुणगुणत गेले.

फाटकाजवळ सम्राट नावाचा त्यांचा माणूस हसत पुढं आला. गोड बोलणारा, आजी आजी करणारा. त्यानं आमच्या मनगटाला एकेक पट्टा बांधला. चक्कर आली तर बटण दाबायचं म्हणे. पट्टा काढायचा कसा ते सांगितलं न्हाय. आत सगळं झाडलेलं, पुसलेलं. पोहायच्या टाकीत गुडघाभर पाणी. बाकावर चार म्हातारी माणसं बसलेली, हळू आवाजात बोलायची, जसं काय बाजूला कोण आजारी निजलंय. एकानंही कुणाला हाक मारली न्हाय. मला भांडायला माणूस लागतंय हो! इथं मी कुणाबरोबर भांडू?

मालक नकाशा बघण्यात गुंतलं तशी मी मोकळा श्वास घ्यायला फाटकाबाहेर रस्त्याकडं निघाले. चार पावलं टाकली न्हाईत तवर मनगटावरचा पट्टा किंचाळायला लागला. रखवालदार पळत आला आणि माझ्या दंडाला धरून म्हणाला, आत चला आजी, कुंपणाबाहेर गेलं की वाजतोय, तुमच्याच काळजीपोटी हाय. कुणी दंडाला धरून मला आजवर न्हेलं न्हवतं. मी त्याला दोन शब्द सुनावणार, तर तो हसला, लहान पोराला बघून हसतात तसं. आता विचारायलाच पायजे, म्हणून तशीच प्लॉटवर आले.

प्लॉटवर नारळ फोडून झाला हुता. सम्राट, त्यांचा इंजिनेर, मालक, सगळे उभे. मी मोठ्यानं विचारलं, "पावणं, आमच्यात मेल्यावर माती देतात. आम्हा दोघांना ह्या प्लॉटात जागा मिळणार न्हवं?"

सम्राटचं हसू गेलं. इंजिनेर नकाशात बघायला लागला. मी मालकांकडं बघितलं. आता भडकणार, आता नारळाचं भकल आपटून गाडीकडं निघणार.

मालक शांतपणे म्हणालं, "मी विचारलंय ते. पहिल्याच दिवशी. न्हाय म्हणालं."

"आणि तरी घेतलासा?"

"तुला डोंगर पायजे हुता न्हवं? जन्मभर मागत हुतीस." मालकांनी हातातलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. "माझं काय, मेल्यावर कुठंबी बसीन."

ह्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली हुती. ती त्यानं माझ्या बडबडीपायी सोडून दिली आणि मला कळूसुद्धा दिलं न्हाय. आता कुठल्या तोंडानं सांगू, की मला हॉर्नच पायजेत, मला जिनाच पायजे?

मी खोबरं हातात धरून तशीच उभी, ते बघून सम्राटला वाटलं, आजी मरणाच्या विचारानं घाबरल्या. तो घाईघाईनं जवळ आला. "आजी, अजिबात काळजी करू नका. शेवटची सगळी सोय आहे आपल्याकडे. आमची गाडी थेट कोल्हापूरला पोचवते, तुमच्या रुद्रभूमीपर्यंत. कसलाही अर्ज लागत नाही."

म्हणजे इमामबीला माझ्याकडं यायला अर्ज, आणि मला कोल्हापूरला जायचं तर मरायला लागतंय. खोबरं तोंडात टाकलं आणि चावत बसले.

इंजिनेरनं पेन्सिल काढली. स्वयंपाकघराची खिडकी आजच ठरवायला पायजे, म्हणाला. डोंगराकडं ठेवायची का रस्त्याकडं? रस्त्याकडं फाटक हुतं, त्याच्या पलीकडं कोल्हापूरची एस्टी जाती. मालक माझ्याकडं बघत हुतं. पेढा भरवताना बघत हुतं, अगदी तसं.

"डोंगराकडं," मी म्हटलं.

"मी सांगितलं न्हवतं?" मालक इंजिनेरला म्हणालं. किती दिवसांनी एवढं हसलं असतील. "तिला डोंगरच लागतोय."

तेवढ्यात माझ्या पाठीमागं वळणावर एस्टीनं हॉर्न दिला, लांबलचक, कान किटवणारा. मी शिवी घातली न्हाय. हॉर्न ऐकू येईनासा होईस्तोवर तशीच डोंगराकडं तोंड करून उभी राहिले.