पाठ केलेला निबंध

फोनच्या पडद्यावर जुईच्या आधी तिच्याकडचा उजेड येतो. धुक्यातून गाळून आलेला, ताकाच्या निवळीसारखा फिका, चीनमधल्या एका मध्यम शहरातल्या सकाळचा उजेड. मग त्यात तिची बोटं उमटतात, खडूनं पांढरी झालेली, कपाळावरची बट मागे सारताना कपाळालाही थोडी भुकटी लावून जाणारी. पहिला तास संपवून ती कॉलेजच्या व्हरांड्यात उभी असते आणि मी इथे, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये, आदल्या दिवसाच्या संध्याकाळी परसातल्या खुर्चीत बसलेला असतो. माझा सूर्य बुडत असतो, तिचा वर येत असतो, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत आम्हा बाप-लेकीला रोजची पंधरा मिनिटं मिळतात.

जुई इथेच जन्मली, इथेच वाढली. दोन वर्षांपूर्वी तिनं तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या शनिवारच्या मराठी गोतावळ्यात एकच गहजब झाला. "अगं, लोक तिकडून इकडे यायला धडपडतात, तू उलटी कुठे निघालीस?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं. जुई हसून म्हणाली, "समवन हॅज टू गो द अदर वे, काकू." तिथे स्टेशनवर तिला न्यायला आलेल्या मंडळींना सोनेरी केसांची अमेरिकन अपेक्षित होती, हिचा सावळा चेहरा पाहून त्यांनी दोनदा पासपोर्ट मागितला. तिला त्याचं काही वाटलं नाही, मला मात्र फार वाटलं. इथल्या शाळेत 'तू मूळची कुठली' हे ऐकत वाढलेली माझी पोर जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा तेच ऐकत होती.

पण ती रमली. वर्गात कसं शिकवते ते ती मला फोनवर करून दाखवी. पाऊस शिकवताना तिची दहाही बोटं हवेतून खाली झरत, 'कदाचित' शिकवताना तळहात पारड्यांसारखे वरखाली होत, आणि तिचे ते हातवारे मला इतक्या दुरून पाहतानाही अर्थाआधीच कळत. तिथल्या माणसांसारखी तीही थर्मासमधून नुसतं गरम पाणी पिऊ लागली. फुंकर घालून घेतलेल्या त्या घोटाचा आवाज माझ्या संध्याकाळचाच एक आवाज होऊन गेला. हेमंतात तिचा श्वास पडद्यावर धुरासारखा दिसे, वसंतात मागच्या झाडांना पोपटी डोळे फुटत, आणि त्या साऱ्या ऋतूंतून तिचा स्वर तसाच लख्ख राही. मी नीलिमाला म्हणे, आपली लेक सुखात आहे. माझी बायको फारशी बोलत नाही, पण तेव्हा तीही मान डोलवायची.

मग गेल्या जानेवारीत सत्राची परीक्षा झाली. शाओलान नावाची, मागच्या बाकावर बसणारी, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी जुईच्या वर्गात होती. तिनं परीक्षेत नदीकाठच्या संध्याकाळवर निबंध लिहिला, अगदी निर्दोष. इतका निर्दोष की जुईनं शोधला, आणि तो एका मार्गदर्शक पुस्तकात शब्दशः सापडला. मुलीनं कागद नेला नव्हता, चोरून पाहिलं नव्हतं. तिनं तो निबंध अख्खाच्या अख्खा पाठ केला होता, आणि विचारल्यावर कबूलही केलं, थोड्या अभिमानानंच. तिच्या लेखी ती मेहनत होती. जुईच्या लेखी ती दुसऱ्याच्या शब्दांची चोरी होती.

विभागप्रमुख बाई जुईच्या खोलीवर संत्री घेऊन आल्या. फेरपरीक्षा घेऊन टाका, सगळे तसंच करतात, असं त्यांनी फार गोड शब्दांत सुचवलं. जुईला ते दडपण वाटलं. त्या संध्याकाळच्या फोनवर तिचे हात प्रथमच स्थिर होते. "बाबा, मी झीरो दिला तर ते राँग आहे का?"

पाठ करणाऱ्याला ती चोरी वाटत नाही, हे मला ठाऊक होतं. नागपुरात दहावीला मी स्वतः 'रेल्वेचा प्रवास' हा इंग्रजी निबंध गाइडमधून घोकला होता, स्वल्पविरामासकट. तोवर मी गाडीत बसलोही नव्हतो. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले आणि सरांनी पाठ थोपटली. पण याच मुलीला, ती नऊ वर्षांची असताना, ज्वालामुखीवरचा मजकूर इंटरनेटवरून उतरवला म्हणून मी हाताला धरून शाळेत नेलं होतं आणि टीचरची माफी मागायला लावली होती. तेव्हापासून तिच्या मनात माझी जी मूर्ती उभी होती, तिला धक्का लावायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "रूल म्हणजे रूल, बेटा."

जुईनं शून्य दिला. चिनी नववर्षाच्या लांब सुट्टीनंतर वर्ग भरला आणि शाओलानचा मागचा बाक रिकामा राहिला. दक्षिणेतल्या कुठल्याशा कारखान्यात ती कामाला लागली, एवढंच तिच्या मैत्रिणीला माहीत होतं. नापास झाल्यामुळेच गेली की घरची अडचण होती, हे कुणी सांगेना. तिचा फोन लागेना. जुई विभागप्रमुखांकडे गेली, गुण बदलायला तयार झाली. बाईंनी तेवढ्याच गोड शब्दांत सांगितलं की आता यादी वर गेली आहे.

तेव्हापासून पडद्यावर माझी मुलगी येते आणि येतही नाही. पाणी थर्मासमध्येच निवून जातं. बोटं बाहीत ओढून घेतलेली असतात, आणि 'ठीक आहे' म्हणताना तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते. लहानपणी ताप आला की तिच्या कपाळावर हात ठेवता यायचा. आता मी काचेवर अंगठा ठेवतो, तर तिचा चेहरा उगाच मोठा होतो. इतका असहाय मी आयुष्यात कधी नव्हतो.

काल परसातलं संत्र्याचं झाड फुलांनी भरून आलं होतं, आणि त्या दाट गंधात मी तिला काही न सांगता माझा तो रेल्वेचा निबंध म्हणायला लागलो. शिटी, धूर, पळणारी शेतं, खिडकीतली सहप्रवासी बाई. चाळीस वर्षांनंतर एक शब्द हलला नव्हता. ती आधी गोंधळली, मग तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. निबंध संपला.

"व्हाय डिडन्ट यू टेल मी देन, बाबा?"

तुझ्या नजरेत मला मोठं राहायचं होतं, एवढंच त्याचं उत्तर होतं. ते माझ्या तोंडून निघायच्या आतच तिच्या तासाची घंटा झाली आणि ती वर्गाकडे वळली.

ज्या मुलीला मी कधी पाहिलं नाही, जिचा आवाजही ऐकला नाही, तिची उणीव आता आमच्या घरात राहायला आली आहे. ऋतू येतील, जातील, कुठल्याशा यंत्रापाशी उभी असलेली शाओलान वयानं वाढत जाईल, आणि मी मात्र जानेवारीतल्या त्या एकाच संध्याकाळी अडकून राहीन, जिथे एक खरं वाक्य बोलायला मला वेळ होता.