सहदेवरावांची मान

मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना नाही म्हणायचे नसते. वऱ्हाडात हे कोणी शिकवत नाही, ते आईच्या दुधातूनच येते. त्यामुळे अकोल्याला, जठारपेठेतल्या बैठकीत कर्नल श्यामरावांनी "गोल्फ खेळता का?" असे विचारले, तेव्हा सहदेवरावांच्या तोंडून "हो जी, थोडंफार" असे निघून गेले. त्याआधी याच सुरात त्यांनी ताटातल्या तिसऱ्या पाटोडीला होकार दिला होता.

शकुनने नवऱ्याकडे पाहिले. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेल्या या माणसाने हातात धरलेली सर्वांत लांब वस्तू म्हणजे जाळे काढायचा झाडू, हे तिला माहीत होते.

"उत्तम," कर्नल म्हणाले. "मग मीच येतो अमरावतीला. बाबांनाही आणतो. माणूस कसा आहे ते मला त्याच्या स्विंगवरून कळतं. एकदा सोबत खेळलो की सोयरीक पक्की."

कर्नलांचा चंदन आणि सहदेवरावांची रागिणी पुण्याला एकाच कंपनीत होते. त्यांनी आपसात सगळे ठरवून टाकले होते आणि मोठ्यांना काम असावे म्हणून सोयरीक तेवढी शिल्लक ठेवली होती. परतताना मूर्तिजापूर आले तेव्हा गाडीत रागिणी म्हणाली, "बाबा, माझं लग्न तुमच्या थोडंफारवर अटकलं आहे."

अमरावतीत गोल्फचा मास्तर शोधणे म्हणजे चिखलदऱ्यात शहाळे शोधण्यासारखेच. तरी आकांक्षा सापडली. ती नागपूरला गोल्फ शिकवायची आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घरी आली होती. तिने सहदेवरावांना काका म्हटले आणि त्यानंतर त्यांचा दुसरा कोणताही मान ठेवला नाही.

शिकवणी बडनेरा रोडच्या लेआउटमध्ये सुरू झाली. तिथे सहदेवरावांचा रिकामा प्लॉट होता. त्याच्यापुढे इतरांचे रिकामे प्लॉट, आणि त्यांच्याही पलीकडे बुधाजी माळ्याची वांग्याची वाडी. आकांक्षाने त्यांचे पाय लावून दिले, कंबर फिरवून दिली, काठी मागे कुठवर न्यायची ते दाखवले. सहदेवराव शहाणे विद्यार्थी होते. काठी झोकात मागे जायची, झोकात खाली यायची, आणि ऐन चेंडूपाशी मान वर व्हायची. चेंडू दोन हात सरकून गाजरगवतात बसायचा.

"मान कावून वर करता, काका?"

"बुधाजीनं राम राम केला."

"मग?"

"मग काय मग. राम राम घ्या लागते ना."

रस्ता वाहता होता. आणि रिकाम्या प्लॉटात एक पेन्शनर काठी घेऊन वाकलेला दिसल्यावर त्याला न हटकता पुढे जाईल असा मनुष्य अमरावतीत अजून जन्मायचा आहे. "राम राम साहेब, काही हरपलं काय?" "राम राम, मोजणी करून राहिले काय जी?" एकाने तर गाडी बाजूला लावून, बोअर मारायची असेल तर पाणी कोणत्या कोपऱ्यात लागेल तेही सांगितले. सहदेवराव प्रत्येकाला मान वर करून, काठी बगलेत घेऊन, हात जोडून उत्तर देत.

आठवडाभर हे पाहून आकांक्षाने निदान केले. "काका, तुमचा स्विंग वाईट नाही. तुमचा राम राम वाईट आहे. तो सोडा."

"अन् लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले नंतर पाहू. आधी कर्नल."

उपचारासाठी शकुनची नेमणूक झाली. मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि काठी खाली येऊ लागली की "राम राम" म्हणायचे. नवऱ्याने उत्तर द्यायचेच नाही, असे बोलणे तिला फार मानवले. ती आवाज बदलू लागली. कधी बुधाजी, कधी नवऱ्याची वारलेली मावशी. एकदा तिने त्यांच्या जुन्या अधीक्षक अभियंत्याचा आवाज काढला, तेव्हा सहदेवरावांनी काठी टाकून शर्टाचे वरचे बटण लावले. पण हळूहळू मान घट्ट झाली. चेंडू उडू लागला.

गावात मात्र बोभाटा झाला. राम राम घेणे बंद करणे सोपे असते, ते फक्त प्लॉटापुरते बंद करणे अवघड. बँकेत कोणी राम राम केला की सहदेवरावांची नजर आपोआप जमिनीला खिळायची. "साहेबाले माज आला," लोक म्हणू लागले. "पोरीले कर्नलचं घर भेटून राह्यलं ना." चुलतभावाने येणे टाकले. घरात शकुन दुधाचे विचारायची आणि उत्तर मिळायचे नाही. पण घरात तिला फारसा फरक जाणवला नाही.

ठरल्या दिवशी कर्नल आले. गिलावडा झाला, चहा झाला, आणि सगळे लेआउटवर निघाले. कर्नलांचे वडील पुंजाजी तेल्हाऱ्याचे. नव्वदीला टेकलेले, धोतर, टोपी. शेत, घर आणि कर्नल, तिन्ही त्यांच्या हुकमात. मघाशी घरी ते गाडीतच झोपले होते म्हणून त्यांना कोणी उठवले नव्हते. प्लॉटवरही ते गाडीतच राहिले.

कर्नलांनी पहिला फटका मारला. चेंडू उजवीकडे वळून कुठेतरी गेला. "हवा आहे," कर्नल म्हणाले. पान हलत नव्हते. "हो जी," सहदेवराव म्हणाले.

मग ते स्वतः उभे राहिले. रागिणीने शकुनचा हात धरला. पाय लागले, कंबर फिरली, काठी मागे गेली. आणि याच वेळी पुंजाजी गाडीतून उतरून, काठी टेकत अगदी त्यांच्या मागे आले. दोन्ही हात जोडून होणाऱ्या व्याह्याला म्हणाले, "राम राम, इवाई."

सगळ्यांच्या माना म्हाताऱ्याकडे वळल्या. एक सोडून.

काठी खाली आली. टक् असा गोड आवाज झाला आणि चेंडू सरळ, उंच, रिकाम्या प्लॉटांवरून दिसेनासा झाला. सहदेवरावांच्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर फटका होता आणि तो एकानेही पाहिला नाही.

"राम राम म्हटलं म्या," पुंजाजी म्हणाले.

चेंडू पडेपर्यंत शेवटची ऐट मोडायची नाही, असे आकांक्षाने शिकवले होते. सहदेवराव खांद्यावर काठी घेऊन पुतळ्यासारखे क्षितिजाकडे पाहत राहिले.

कर्नलांचा चेहरा लाल झाला. "बाबा, चला गाडीत," ते हळूच म्हणाले. ज्या घरात म्हाताऱ्याचा राम राम दोनदा वाया जातो, तिथे मुलगा कोण देतो? रागिणीच्या डोळ्यांत पाणी आले.

शकुन पुढे झाली. "आबाजी, कानाजवळ जाऊन बोला. ह्याईले ऐकू येत नाही, अंदाजानंच हो जी म्हणतेत."

सहदेवरावांनी हे नीट ऐकले. ऐट मोडली, पण मान वळू दिली नाही. पुंजाजी कानाशी गेले आणि तेल्हाऱ्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "राम राम, इवाई."

सहदेवराव दचकले. ते खरेच दचकले, कारण आवाज तसाच होता. वळून ते सरळ पायांवर वाकले.

"असं हाये होय," पुंजाजींचा चेहरा उजळला. "आमची बुढीही अशीच होती. साऱ्या जन्मात घरात भांडण नाही. श्याम, घर चांगलं हाये. साखर वाट."

साखर वाटेपर्यंत बुधाजी माळी वाडीतून आला. हातात पांढरा चेंडू. "हे कोनाचं हाये? माह्या वांग्याईत येऊन पडलं."

कर्नलांनी वाडीपर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजले. "माझा," ते म्हणाले. "मघाचा. म्हटलं नव्हतं, हवा आहे म्हणून?"

सहदेवरावांनी तोंड उघडले. शकुनने त्यांच्याकडे पाहिले. तोंड मिटले. बहिऱ्या माणसाला असल्या गोष्टी कळत नसतात.

लग्न अमरावतीला थाटात झाले. बहिरेपणाची बातमी आधीच पसरली होती, त्यामुळे बँकवाले, बुधाजी, चुलतभाऊ, सगळ्यांचा राग गेला आणि जो तो हळहळत कानात ओरडून जाऊ लागला. मांडवात कर्नल सैन्यातल्या दोस्तांना वांग्याच्या वाडीपर्यंत गेलेला फटका काठीशिवाय मारून दाखवत होते, आणि सहदेवराव त्यांच्या शेजारी बसून प्रसन्नपणे काहीच ऐकत नव्हते.

आकांक्षा आली. मागे उभी राहून तिने कर्नलांची ती कहाणी शेवटपर्यंत ऐकली. मग हळूच म्हणाली, "राम राम, काका. तो चेंडू तुमचा होता ना?"

सहदेवरावांची मान हलली नाही. तिने समाधानाने पाहिले आणि जेवायला गेली.