जळक्या तुसाचं पाणी

आंबी गावच्या विहिरीचं पाणी त्या सकाळीही तांबडंच आलं. एकोणीसशे चौतीस साल. ओढ्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना निघून वर्ष झालं होतं. ते रंगाचं पाणी आधी महारवाड्याच्या झऱ्यात उतरलं, तेव्हा गाव म्हणालं, त्यांना काय होतंय! मग ते विहिरीत झिरपलं आणि गावाची झोप उडाली.

महिपती पाटलाची बायको रतनबाई. तिचा नातू महिनाभर हगवणीनं अंथरुणाला खिळला होता. महारवाड्यातली बयाबाई मात्र नितळ पाणी पीत होती. भाताच्या गिरणीमागं जळक्या तुसाचा ढीग पडलेला असे. त्यातून झिरपलेलं तांबडं पाणी स्वच्छ निघताना तिनं पाहिलं होतं. तिनं बुडाला भोक पाडलेल्या माठात तेच काळं तूस आणि वाळू भरली. रतनबाई गुपचूप तिच्याकडून घागर आणू लागली. आठ दिवसांत पोर अंगणात पळायला लागलं.

पुढं गिरणीवाल्यानं बयाबाईची ही युक्ती गावात सांगितली. मग गावाची अक्कल बघा. पाटलानं पंच बसवून ठरवलं, विहिरीवर तसेच माठ मांडायचे. तूस सगळं गावाचं, महारवाड्यानं त्याला हात लावायचा नाही. विहिरीची बंदी तर होतीच. ज्या उकिरड्याकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यालाही आता सोवळं आलं! विषानं विहीर बाटली नाही, बयाबाईच्या हातानं बाटणार होती. रतनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माठ मांडले त्या दिवशी पहिला तांब्या भरायचा मान पाटलिणीचा होता. बयाबाई रिकामी घागर घेऊन लांब लिंबाखाली उभी होती.

"पयला तांब्या बयाबाईचा," रतनबाई म्हणाली. "त्याबिगर म्या घेणार न्हाई."

महिपती दबक्या आवाजात म्हणाला, चार लोकांत अब्रू घालवू नकोस, तिनं शिवलेलं पाणी कोण पिणार?

"तुमी पिताय की. पंधरा दीस घरात तिच्याच माठाचं पानी हाय. नातू त्यावरच उठला. वाळीत टाकायचं तर आदी आपल्या घराला टाका."

महिपती माठांपासून बाजूला सरला. बयाबाईचे पाय उचलेनात, तशी रतनबाईनं तिला हाताला धरून आणलं आणि भरलेला तांब्या तिच्या हाती दिला.

त्या दिवशी निम्म्या घागरी रिकाम्याच घरी गेल्या. वाचकहो, त्यांत तुमची घागर होती का?